रंगीत डब्यांनी कॅम्पस निरोगी होत नाही

तुमचा मुलगा किंवा मुलगी कॉलेजात असेल, हॉस्टेलवर राहत असेल, किंवा तुम्ही स्वतः एखाद्या विद्यापीठात शिकत, शिकवत, नोकरी करत असाल, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. एरवी मी इथे रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड अशा विषयांवर लिहितो. आज कचऱ्यावर लिहितोय. "डॉक्टर, हा तुमचा विषय नाही, पर्यावरणवाल्यांचा आहे," असं कुणी म्हणण्याआधीच सांगतो, की हा माझाच विषय आहे. पावसाळ्यात हॉस्टेलची मुलं डेंग्यूने फणफणून माझ्याकडे येतात, आणि वर्षभर झाडलोट करणाऱ्या बायका खोकत येतात. या दोन्हीची मुळं औषधाच्या दुकानात सापडत नाहीत, ती कॅम्पसच्या कुंपणालगत सापडतात.

माझा दवाखाना एका मोठ्या शैक्षणिक परिसराच्या जवळ आहे. कोणत्या, ते सांगत नाही, कारण मी लिहितोय ते त्या एकाच जागेपुरतं खरं नाही. तुमच्या गावातल्या कॉलेजात जाऊन पाहा. प्रवेशद्वाराशी हिरवा, निळा, लाल असे तीन चकचकीत डबे उभे असतात. त्यांवर सुरेख अक्षरात 'ओला', 'सुका', 'घातक' लिहिलेलं असतं. कुठे शेजारी फलकही असतो, 'आमचा परिसर, हरित परिसर'. मग झाकण उघडून आत बघा. तिन्ही डब्यांत तेच दिसेल: चहाचे कप, वेफर्सची पाकिटं, अर्धा वडापाव, एखादं पेन. आणि संध्याकाळी गाडी येते तेव्हा तिन्ही डबे एकाच ढिगात रिकामे होतात. मुलं हे रोज बघतात. वर्गीकरण हे फक्त दाखवायचं असतं, हा धडा त्यांना पदवीच्या पहिल्याच वर्षी मिळतो.

हे डबे कधी येतात, तेही बघा. नॅकच्या मूल्यांकनात सातवा निकष संस्थेची मूल्यं आणि उत्तम प्रथा यांचा आहे. त्यात कचरा व्यवस्थापन येतं, हरित परिसर येतो. निकष चांगलाच आहे, माझा त्याला विरोध नाही. पण समिती येणार म्हणून डबे रंगवायचे, गांडूळखताच्या टाकीवर पाटी लावायची, तिचा फोटो अहवालात टाकायचा, आणि समिती गेली की त्या टाकीत पावसाचं पाणी साचू द्यायचं, याला मी काय म्हणू? माझ्याकडे काही रुग्ण येतात, जे रक्त तपासायच्या आधी फक्त तीन दिवस पथ्य पाळतात. त्यांचा उपाशीपोटीचा आकडा छान येतो. मग मी एचबीए१सी करायला सांगतो, आणि तीन महिन्यांचं सगळं बाहेर येतं. आपल्या शिक्षणसंस्थांच्या कचऱ्याचीही एचबीए१सी करायला हवी.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात सांगतो, कारण बऱ्याच प्राध्यापकांनाही ते ठाऊक नसतं. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनुसार दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारी जागा ही 'मोठी कचरा निर्माती' ठरली. त्या व्याख्येत शाळा, महाविद्यालयं, विद्यापीठं आणि वसतिगृहं यांची नावं घालून उल्लेख होता. त्यांनी कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा करायचा, आणि ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा, असं त्या नियमांत होतं. कचरा जाळायला तर सरळ मनाई आहे. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई आकारायला सांगितलं. कागदावर सगळं आहे.

आता सकाळी साडेसहाला कॅम्पसमध्ये फिरायला जा.

धूर कुणाच्या छातीत जातो?

आपल्याकडच्या जुन्या कॅम्पसवर झाडं मोप असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ सुरू झाली की पालापाचोळ्याचे ढीग लागतात, आणि ते सोपा उपाय म्हणून पेटवले जातात. 'पानंच तर आहेत, नैसर्गिक आहेत,' असं मला एका प्राध्यापकांनीच ऐकवलं. विडीचं पानही नैसर्गिकच असतं! जळणाऱ्या ओलसर पानांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि पीएम २.५ म्हणतात ते अतिसूक्ष्म कण असतात. २.५ मायक्रॉन म्हणजे किती? माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्याचा विसावा-पंचविसावा भाग. नाकातले केस आणि घशातला चिकटा यांना हे कण अडवता येत नाहीत. ते थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात, त्यातले काही रक्तात उतरतात. दमा, सीओपीडी, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात या सगळ्यांशी त्यांचा संबंध सिद्ध आहे. हवेतल्या या कणांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये कर्करोगकारक ठरवलं, तंबाखू ज्या गटात आहे त्याच पहिल्या गटात.

आणि ढिगात नुसती पानं कुठे असतात? त्यात वेफर्सची पाकिटं असतात, कप असतात, आणि स्नेहसंमेलन किंवा एखादी स्पर्धा नुकतीच झाली असेल तर फ्लेक्सचे तुकडे असतात. हे फ्लेक्स पीव्हीसीचे असतात. पीव्हीसीत क्लोरीन असतं, आणि ते कमी तापमानावर जळलं की हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन तयार होतात. डायॉक्सिन शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं साठून राहतं. उपकुलसचिवांच्या स्वागताचा फलक आठवडाभराने कुणाच्या तरी श्वासात जातो, ते असं.

कुणाच्या? कुलगुरूंच्या बंगल्यापर्यंत धूर क्वचितच पोचतो. तो जातो ढिगाशेजारी खराटा घेऊन उभ्या असलेल्या मावशींच्या छातीत. आयुष्यात कधी विडीला हात न लावलेल्या अशा काही बायकांची मी स्पायरोमेट्री केली आहे, म्हणजे फुंकर मारून फुफ्फुसाची ताकद मोजायची तपासणी. आकडे बघून वाटावं, हा वीस वर्षं विडी ओढणाऱ्या माणसाचा कागद आहे. घरातली चूल हेही त्याचं एक कारण असतंच. पण चूल सोडवायला आपण गॅस दिला. मग कामाच्या जागी दुसरी चूल का पेटवून द्यायची? मी त्यांना इनहेलर लिहून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम काडेपेटी देतो.

यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. खत होण्यासाठी दोन प्रकारचा माल लागतो: एक कार्बनवाला, दुसरा नायट्रोजनवाला. त्यांचं प्रमाण साधारण तीसास एक असं जुळलं की जिवाणू झपाट्याने काम करतात. वाळलेली पानं हा कार्बनचा साठा आहे. मेसमधला भात, भाजी, सोललेल्या साली हा नायट्रोजनचा. नुसतं अन्न साठवलं तर ते सडतं, घाण वास मारतं, माश्या आणि उंदीर येतात. नुसती पानं साठवली तर ती वर्षभर तशीच पडून राहतात. दोन्ही थरांथरांनी घातली, म्हणजे एक घमेलं ओला कचरा आणि त्यावर दोन-तीन घमेली पाचोळा, ढीग फडक्यासारखा ओलसर ठेवला, अधूनमधून वरखाली केला, तर तो आतून ५५ अंशांच्या वर तापतो. त्या उष्णतेने रोगजंतू मरतात आणि दोन-तीन महिन्यांत मातीचा वास येणारं खत हातात येतं. ज्या संस्थेत वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र असे तीन विभाग आहेत, ती संस्था एक निम्मा माल जाळते, दुसरा निम्मा माल पैसे देऊन गाडीत भरून पाठवते, आणि वर बागेसाठी खताच्या गोण्या विकत आणते. अडाणी शेतकरी हे करणार नाही. खरं तर कुठलाच शेतकरी करणार नाही.

आणि तो गाडीत भरलेला माल जातो कुठे? पुण्याचा विचारा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना. शहराच्या कचऱ्याने आपल्या विहिरी नासल्या म्हणून त्या गावांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. मुंबईत देवनारचं क्षेपणस्थान १९२७ पासून चालू आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ओला कचरा एकावर एक दडपला की आत हवा जात नाही, मिथेन तयार होतो, आणि मिथेन पेट घेतो. मेसच्या ताटात उरलेला भात शेवटी असा कुणाच्या तरी दारात जाऊन जळतो.

एका कपात किती डास?

आता चहाच्या कपाकडे येऊ. जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे कप, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ यांवर देशभर बंदी आली, आणि कॅन्टीनवाल्यांनी कागदी कप आणले. लोकांना वाटलं, सुटलो. पण कागदात चहा टिकतो कसा, याचा विचार करा. त्या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा अशा कपात १०० मिलिलिटर गरम द्रव पंधरा मिनिटं ठेवला असता सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण त्यात उतरल्याचं दिसलं. या कणांमुळे अमुक एक आजार होतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे मी तुम्हाला त्याची भीती घालणार नाही. भीती घालण्याजोगं दुसरं काही आहे.

हिशोब मांडू. समजा कॅम्पसवर ५,००० जण आहेत आणि प्रत्येकाने दिवसाला दोन चहा घेतले. झाले १०,००० कप. त्यातले शंभरातले फक्त दोन डब्याऐवजी झुडपात, भिंतीच्या सांध्यात, सायकल स्टँडच्या पत्र्यावर गेले, तर रोजचे २०० कप. जूनमध्ये पाऊस पडला की प्रत्येक कप म्हणजे एक छोटी टाकी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला गटार लागत नाही, त्याला असं थोडंसं, बऱ्यापैकी स्वच्छ, साचलेलं पाणीच आवडतं. मादी पाण्याच्या काठावर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. पाणी आटलं तरी ती अंडी कित्येक महिने कोरडी टिकतात, आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. हा डास फार लांब उडत नाही, काही शे मीटर. म्हणजे हॉस्टेलमधल्या मुलीला चावलेला डास बहुधा हॉस्टेलच्याच आवारात जन्मलेला असतो. बाहेरच्या वस्तीकडे बोट दाखवून उपयोग नाही.

हॉस्टेलमध्ये धोका जास्त का? डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एक प्रकार होऊन गेला आणि नंतर दुसऱ्या प्रकाराने गाठलं, तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. हॉस्टेलमध्ये दहा जिल्ह्यांतून आलेली मुलं असतात, कुणाला लहानपणी कोणता प्रकार होऊन गेला ते कुणालाच माहीत नसतं. शिवाय हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलताना, म्हणजे मुलं वर्गात आणि कट्ट्यावर असतात तेव्हा. रात्रीची मच्छरदाणी इथे फारशी कामाची नाही.

मग दोन-चार मुलं दाखल झाली की धूर फवारणीचं यंत्र येतं, त्याचा फोटो निघतो, आणि बातमी छापून येते, 'प्रशासन सतर्क'. त्या धुराने उडणारे डास मरतात. कपातल्या अळ्या आणि अंडी जशीच्या तशी राहतात. आठवड्याने नवी पिढी तयार. उपाय कंटाळवाणा आहे: दर आठवड्याला एक दिवस आवारातलं साचलेलं पाणी ओतून टाकायचं, आणि मुळात ओतावे लागतील असे कपच येऊ द्यायचे नाहीत.

उंदरांचं थोडक्यात सांगतो. मेसच्या मागे उघड्यावर पडलेलं अन्न म्हणजे उंदरांची पंगत. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरा हा जंतू पावसाच्या पाण्यात मिसळतो आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शरीरात शिरतो. मुंबई आणि कोकणातल्या वाचकांना हे नवीन नाही. अन्न उघडं राहिलं नाही की उंदीर निम्मे होतात. पिंजरे नंतर.

'रिसायकल होतं ना, मग?'

हा प्रश्न मला शिकलेली माणसंच जास्त विचारतात. रिसायकल हा शब्द हल्ली प्रायश्चित्तासारखा वापरला जातो. डब्यात टाकलं की पाप फिटलं. प्रत्यक्षात काय होतं, ते कोणत्याही भंगारवाल्याला विचारा. पाण्याची रिकामी बाटली विकली जाते. कोरा किंवा छापील कागद, पुठ्ठा, पत्र्याचे डबे, काच विकली जाते. पण तोच कागद डाळीत भिजला की त्याला भाव राहत नाही. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत. कागदी कपाचा कागद त्याच्या अस्तरामुळे साध्या कागद कारखान्यात चालत नाही. म्हणजे चहाच्या टपरीवर 'पर्यावरणपूरक' म्हणून मिळणारी वस्तू डब्यात पडल्यावर बहुधा कुणालाच नको असते.

आमच्या भाषेत सांगायचं तर पुनर्वापर प्रक्रिया हा उपचार आहे, कचरा कमी करणं हा प्रतिबंध आहे. अँजिओप्लास्टी चांगली असते म्हणून कुणी सिगारेट ओढावी असं मी सांगत नाही. कॅम्पसचं मात्र तसंच चालतं: कप वाढले की डबे वाढवायचे. कॅन्टीनमध्ये स्टीलचे पेले आणि ताटं आणली, धुण्याची मोरी नीट बांधली, मुलांना स्वतःचा मग आणायला लावलं आणि त्याला चहा दोन रुपयांनी स्वस्त दिला, तर डब्यांची निम्मी गरजच संपेल.

यावर दोन आक्षेप येतात. एक, स्टीलचे पेले अस्वच्छ असतात. कोविडनंतर हा समज फार पक्का झाला आहे. साबण आणि गरम पाण्याने धुतलेला, कोरडा केलेला स्टीलचा पेला सुरक्षित असतो. दवाखान्यातली आमची अर्धी हत्यारं धातूचीच असतात आणि पुन्हा पुन्हा निर्जंतुक करून वापरली जातात. बादलीतल्या त्याच गढूळ पाण्यात विसळलेला पेला असुरक्षित, हे खरं. मग बादली बदला. दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो जास्त वजनदार आहे. मराठवाड्यातल्या कॉलेजात एप्रिल महिन्यात टँकरने पाणी येत असताना मी हजार ताटं धुवा असं कोणत्या तोंडाने सांगू? तिथे ताटांसाठी पळसाच्या पत्रावळी आहेत, त्या खतात जातात. चहासाठी ज्याचा त्याचा मग आहे, तो विसळायला अर्धा पेला पाणी पुरतं.

मेसच्या बाबतीत एक विषयांतर करतो, कारण ते पोटाशी संबंधित आहे. मेसमध्ये एक कचरा असा असतो, जो टाकायला हवा पण टाकला जात नाही: पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल. तळणीच्या तेलातली घातक संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा नियम २०१८ पासून आहे. असं वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी देता येतं. तुमच्या मुलाच्या मेसमधलं काळं, दाट, फेसाळणारं तेल कुठे जातं, ते एकदा विचारा. उत्तर बहुतेक वेळा 'उद्याच्या भज्यांत' हे असतं.

सुई, पॅड आणि हेपॅटायटिस बी

कॅम्पसवर मधुमेही मुलं आणि कर्मचारी असतात. ते इन्सुलिन टोचतात आणि सुई कोरड्या कचऱ्यात टाकतात. त्यांना दोष कमी द्या, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. डबा उपसणाऱ्या मावशींच्या हातात बहुतेकदा मोजे नसतात, असले तर फाटके. बाधित रक्ताची सुई टोचली आणि लस घेतलेली नसेल, तर हेपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते, सी ची दोन टक्क्यांच्या आसपास आणि एचआयव्हीची ०.३ टक्के. हे आकडे रुग्णालयातल्या ताज्या सुयांचे आहेत, कचऱ्यातल्या जुन्या सुईचा धोका त्याहून कमी. पण बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो, हे लक्षात ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्या माझ्या प्रत्येक रुग्णाला मी सांगतो: जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बाटली घ्या, सुया त्यात टाका, भरली की माझ्याकडे आणून द्या. आमच्याकडे ती पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात जाते. कॅम्पसवरच्या आरोग्य केंद्राला हे सहज करता येईल.

'आपल्या लोकांना वर्गीकरण जमत नाही,' हे ऐकलं की मला दवाखान्याची आठवण होते. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये आले. आज पिवळी पिशवी, लाल पिशवी, पांढरा डबा, निळा खोका यांत काय टाकायचं, ते आठवी शिकलेली आयासुद्धा झोपेत सांगेल. तपासणी होते, दंड होतो, परवाना जातो, म्हणून जमतं. जे वॉर्डात जमतं ते वर्गाबाहेर का जमू नये?

सॅनिटरी पॅडबद्दल उघड बोलायला हवं. मुलींच्या हॉस्टेलमधून ती उघडी किंवा नुसती प्लास्टिकच्या पिशवीत गोळा होऊन येतात, आणि ती हाताने वेगळी करणारीही बाईच असते. पुण्यात कचरावेचक बायकांनी यावर साधा उपाय मागितला: पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडून बघावं लागणार नाही. लाल ठिपका मोहीम ती हीच. यापेक्षा कमी काय मागायचं माणसाने? काही हॉस्टेलांनी जाळण्याची छोटी यंत्रं बसवली आहेत. पॅडमध्ये प्लास्टिक असतं. जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीत पहिल्या कक्षात ८०० आणि दुसऱ्या कक्षात १,०५० अंशांच्या आसपास तापमान असावं लागतं. न्हाणीघराशेजारी भिंतीवर टांगलेल्या, धुराडं धड नसलेल्या खोक्यात तेवढं होतं, असं कुणी मला दाखवून द्यावं. ज्या मुलींना मेन्स्ट्रुअल कप वापरावासा वाटतो, त्यांना सांगतो, की नीट धुऊन, उकळून वापरला तर तो सुरक्षित आहे. निवड मात्र त्यांची.

कचऱ्याच्या प्रश्नात विद्यापीठाने काय करावं, याचं उत्तर महाराष्ट्रात एकदा दिलं गेलं आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून काही प्राध्यापक-कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायकांपर्यंत पोचल्या. त्यातून, डॉ. बाबा आढावांच्या साथीने, १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बायकांना महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळाली, पुढे स्वच्छ ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करायचं काम घेतलं. तिथे सुरुवात डब्यापासून झाली नव्हती. डबा उपसणाऱ्या बाईला नाव विचारण्यापासून झाली होती.

अमरावतीच्या विद्यापीठाला आपण संत गाडगेबाबांचं नाव दिलं. बाबा गावात आले की आधी खराटा आणि संध्याकाळी कीर्तन. आपण सगळ्यांनी मिळून तो क्रम उलटा केला: आधी भाषण, आणि मग जमलं तर फोटोपुरता खराटा.

तुम्ही पालक असाल तर पुढच्या वेळी हॉस्टेलची फी भरताना चार गोष्टी विचारा. मेसचा ओला कचरा कुठे जातो, आणि ती जागा मला बघायला मिळेल का? पानं जाळता का? कॅन्टीनमध्ये स्टीलचे पेले आहेत का? आणि चौथी, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची: झाडलोट करणाऱ्या कंत्राटी माणसांना हेपॅटायटिस बी ची लस दिली आहे का? तीन डोस असतात, पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. सोबत धनुर्वाताचं इंजेक्शन. फ्लेक्सच्या एका मोसमाचा खर्च वाचवला तर अनेकांचे तिन्ही डोस त्यात बसतील. 'ते कंत्राटदाराचे आहेत, आमचे नाहीत,' हे उत्तर मिळालं तर ऐकून घेऊ नका. कचरा तर तुमचाच आहे ना, असं विचारा.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतः हे काम करत असेल, किंवा तुमच्या ओळखीतल्या मावशींना, दादांना हे सांगता येणार असेल, तर नीट सांगा. कचऱ्यातली सुई टोचली तर बोट दाबून रक्त काढत बसू नका, तोंडात घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. हळद, चुना काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा आणि 'कचऱ्यातली सुई टोचली' असं स्पष्ट शब्दांत सांगा. हेपॅटायटिस बी ची लस लगेच सुरू करता येते. एचआयव्हीसाठी गोळ्यांची गरज आहे की नाही ते डॉक्टर ठरवतील. त्या सुरू करायच्या असतील तर शक्यतो दोन तासांत, आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत. रविवार असला तरी अपघात विभाग उघडा असतो. मुकादमाच्या परवानगीसाठी सोमवारपर्यंत थांबू नका.